गोजाबाईचे सात बेल

बेलाला पाणी घालू नका, असे मला उभ्या जन्मात एकाच बाईने सांगितले. ती आमच्या घरासमोरच्या मठाच्या बागेत काम करते. नाव गोजाबाई. मी रोज रात्री दिवा लावून झाल्यावर वहीत चार ओळी लिहिते, त्या दिवशी देवाने काय दिले एवढेच. गेल्या दहा वर्षांच्या वह्या परवा चाळल्या, तर देवाच्या खालोखाल नाव हिचेच. म्हणून म्हटले, एकदा सलग लिहून ठेवावे.

आम्ही सोलापुरात बाळीवेशीकडे राहायला आलो ते १९२४ साली. हे कचेरीत कारकून. दारातून बाहेर पडले की मठाची वाट, आणि मठाच्या अलीकडे ती बाग. बाग म्हणजे फार काही नव्हे. एक विहीर, शेवंतीच्या चार ओळी, तगर, कण्हेर आणि कडेने सात बेल, तेव्हा जेमतेम माझ्या खांद्याला लागणारे. मठातल्या महादेवाला रोजची पाने या सात झाडांची. बागेच्या कोपऱ्यात एक खोप होती, तीत गोजाबाई एकटी राहायची.

ती मूळची मंद्रूपची. तिचे वडील मिरचीची आणि वांग्याची रोपे करून बाजाराच्या दिवशी विकत. लहानपणापासून तिचे काम एकच, वाफ्यातले रोप उचलून ओल्या फडक्यात बांधायचे आणि गिऱ्हाइकाच्या रानात जाईपर्यंत त्याला कोमेजू द्यायचे नाही. पुढे लग्न झाले, मूलबाळ झाले नाही, नवरा इन्फ्लुएंझाच्या तापात गेला आणि लागोपाठ पाऊसही गेला. ती खडी फोडायला शहरात आली. मठाच्या जुन्या कारभाऱ्यांनी तिला रस्त्याच्या कडेला एका वठलेल्या रोपाला सावली करताना पाहिले आणि बागेत आणून ठेवले. खोप मठाची, काम मठाचे. काम गेले की डोक्यावरचे छप्परही जाणार, हे ती पहिल्या दिवसापासून जाणून होती.

अंगाने किरकोळ, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, बोलणे हळू पण टोचणारे. माझे पूजेचे वेड तिला दिसे. मी सकाळी अभिषेकाचे पाणी न्यायला विहिरीवर गेले की म्हणायची, "वैनी, थंडीचे दिस हायत. द्येव गारठला असंल की." आणि मग स्वतःच माझी घागर भरून द्यायची.

१९२८ सालच्या पौषात कळले की बागेतून म्युनिसिपालिटीचा रस्ता जाणार; विहीर आणि कोपऱ्यातली खोप तेवढी वाचणार होती. मठाच्या मागे मठाचीच मोकळी जागा होती, तिथे बाग हलवायची ठरली. शेवंतीचे काही नव्हते, तिचे फुटवे कुठेही लागतात. प्रश्न बेलांचा होता. जुने कारभारी वारले होते आणि त्यांच्या जागी शंकरप्पा आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाटे की बागेवर तरणा गडी पाहिजे. मल्लप्पा नावाचा एक माणूस त्यांनी मनाशी धरूनही ठेवला होता. मठाच्या माणसांचे साल, म्हणजे वर्षाची नेमणूक, अक्षय्य तृतीयेला ठरते. शंकरप्पांनी गोजाबाईला सरळ सांगितले की तोवर बेल नव्या जागी जगलेले दिसले पाहिजेत. नाही जगले तर तृतीयेपासून बाग मल्लप्पाची आणि खोपही त्याची.

गोजाबाईने पावसाळ्यापर्यंत थांबा म्हणून विनवले. ते म्हणाले, रस्ता थांबत नाही. मग तिने दुसरे मागितले, की महाशिवरात्र होऊ द्या. तेवढे त्यांना मान्य होते, कारण शिवरात्रीला पाने लागणारच होती.

तो महिना तिने फुकट घालवला नाही. प्रत्येक बेलाच्या भोवती अर्ध्या बाजूने चर खणला, तिकडची मुळे कोयत्याने तोडली आणि चरात कुजलेले शेणखत भरले. मला ते बघवेना. मी विचारले, झाड हलवायच्या आधीच त्याला का मारता? ती म्हणाली, तुटल्या जागी बारीक मुळ्या फुटतात, त्याच पुढे पाणी पितात. जाड मुळाला तोंड नसते.

शिवरात्रीनंतर पाचव्या दिवशी झाडे निघाली. आधी तिने प्रत्येक खोडावर पूर्वेच्या बाजूने गेरूचा ठिपका लावला, म्हणजे नव्या जागी तीच बाजू पूर्वेला यावी. आमच्या शेजारच्या बजाबाई, सत्तरीच्या, पण जीभ अजून पंचविशीतली, त्या काठी टेकीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "टिळा लावलास, आता मुंडावळ्या बांध." गोजाबाई मान वर न करता म्हणाली, "तेवढ्या तुमच्याकडनं येऊ द्या, आजी." मुळांभोवतीचा मातीचा गोळा तिने गोणपाटात गुंडाळला, सुतळीने आवळला, आणि दोन गडी एकेक झाड पाळण्यासारखे उचलून मठामागे घेऊन गेले. तिथे खड्ड्यात बसवून, माती दाबून, एकदा पोटभर पाणी दिले. शिवरात्रीनंतर जी पाने उरली होती त्यातलीही निम्म्याहून जास्त तिने खुडून देवाकडे पाठवली. वर आणि मावळतीच्या बाजूने कडब्याचे आडोसे उभे केले. मुळे अर्धी राहिली आहेत, तर पानांनीही तेवढेच मागावे, हा तिचा हिशेब.

त्या वेळी तिने मला एक गोष्ट शिकवली. झाडाने दुपारी मान टाकली तर काही नाही, उन्हाने टाकली, संध्याकाळी उचलेल. पहाटे मान खाली असेल तर दुखणे. आणि पाणी द्यायचे की नाही ते पानाला विचारायचे नाही. मातीत बोट घालायचे. पहिल्या दोन पेरांना माती गार लागली की हात मागे घ्यायचा.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका रविवारी मंद्रूपहून निरोप आला की तिची बहीण केराबाई आजारी आहे. जायला तर हवे होते. तिने बेल माझ्या हवाली केले. मी रोज मठात जाणारी, माझ्यावर तिचा भरवसा. निघताना पुन्हा पुन्हा सांगितले, "पाणी गुरवारी, मी आल्यावर. तवर कुणाला घालू देऊ नका. तुमी बी न्हाय." मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. माझे सोळा सोमवारांचे व्रत चालू होते, नववा सोमवार होता. दुपारी पूजा आटोपून मी मठामागे गेले. कडब्याच्या फटीतून ऊन आत येत होते आणि सातही झाडांची पाने लोंबत होती. गोजाबाईने दुपारचे काय सांगितले होते ते मला आठवत नव्हते असे नाही. चांगले आठवत होते. पण हातात तांब्या भरलेला, दिवस महादेवाचा, आणि महादेवाचेच झाड तहानेने मान टाकून समोर उभे. ते तसेच टाकून घरी जाऊन जेवायला बसायचे, हे माझ्याने होईना. मी पाणी घातले. सातांनाही थोडे थोडे.

मठातून परतणाऱ्या बायकांनी ते पाहिले. वच्छला घालते आहे म्हणजे चालत असेल, असे त्यांना वाटले तर त्यांची काय चूक? बजाबाई आल्या. शंकरप्पांची बायको मायाक्का आली, तिच्या तांब्यात पिंडीवर घालून उरलेले दूध होते. अशा चौदा-पंधरा जणी झाल्या. मंगळवारी पाने आणखी लोंबली. मला वाटले, काल कमी पडले. मी विहिरीवरून बादल्या आणून ओतल्या. बुधवारी पहाटे जाऊन पाहिले, तर माना तशाच खाली.

गोजाबाई बुधवारी संध्याकाळी आली. बहिणीला उतार पडला होता. गाठोडे घेऊनच ती आधी बेलांकडे गेली, मी मागे. तिने बोट घातले, मग मूठभर माती काढून नाकाशी धरली आणि तीच मूठ माझ्यापुढे केली. आंबूस वास होता, नासलेल्या ताकासारखा.

"किती जणींनी?" तिने विचारले.

मी सगळे सांगितले. पहिला तांब्या माझा, हेही. जुन्या जागी मुरमाड जमीन होती, कितीही ओता, खाली निघून जाई. इथे काळी माती, पाणी धरून ठेवणारी. मुळे त्यात बुडून गुदमरली होती. झाड पाण्याने मेले तरी तहानेने मेल्यासारखेच दिसते, म्हणून आपण आणखी ओततो, असे ती म्हणाली. ओरडली नाही. हातातली माती झाडत म्हणाली, "वैनी, तापातल्या माणसाला पुरणपोळी घातली की तुमी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागलो. आळ्याची ओली माती उपसली, एका बाजूने चर खणून पाणी बाहेर काढले. मी आणि आमच्या घरच्या मोलकरणीने ओढ्यावरून वाळू आणली. गोजाबाईने काळी पडलेली मुळे चाकूने कापली, राख लावली आणि वाळू, खापराचे तुकडे, जुन्या जागेचा मुरूम असे मिसळून भोवती भरले. उरलीसुरली पाने छाटली, शेंडेही. सात उघड्या काठ्या राहिल्या.

हे चालले असतानाच शंकरप्पा आले. झाडे पुन्हा का उकरली, असे त्यांनी विचारले. मी वाळूची पाटी घेऊन चार हातांवर उभी होते. गोजाबाईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "माती नवी हाय, कारभारी. माझाच अंदाज चुकला." ते म्हणाले, असा अंदाज चुकणार असेल तर तृतीयेला बोलू. आणि मी? मी डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढला.

ते गेल्यावर मी तिला विचारले, खोटे का बोललात? तिचे म्हणणे साधे होते. मी बोलले असते तर माझ्या घरापर्यंत बोलणे आले असते, कचेरीत यांना लोकांनी चिडवले असते, आणि एवढे होऊन झाड काही उभे राहिले नसते. त्या रात्री मी यांना सगळे सांगितले. हे म्हणाले, शंकरप्पा माझ्या ओळखीचे आहेत, मी बोलतो. मी म्हटले, तुम्ही नको. तांब्या माझ्या हातात होता. तर यांनी विचारले, मग तू कधी बोलणार? त्या दिवशी वहीत मी काहीच लिहिले नाही.

निदान राखण तरी करावी म्हणून पुढच्या सोमवारपासून मी तांब्या न घेता मठामागे वाटेवर बसू लागले. बायकांना परत फिरवणे सोपे नव्हते. बजाबाई म्हणाल्या, "पार्वतीनं तप केलं ते ऐकलं होतं. बेलाला उपाशी ठेवायचं तप कुणी सांगितलं ग तुला?" एकीने तर महादेवाचा कोप होईल म्हणून मला भिवविले. मी गोजाबाईला म्हटले, या ऐकणार नाहीत. ती विचार करून म्हणाली, हात रिकामे ठेवले तर ओतणारच की. त्यांना कडबा भिजवू द्या.

आणि तेच झाले. पिंडीवर पाणी घालून उरेल ते बायकांनी आडोशाच्या कडब्यावर शिंपडायचे. मुळाशी थेंब नाही. त्या ओल्या कडब्यातून वारा आला की आत चैत्रातही गारवा वाटे. मायाक्का रोज दोनदा यायची. दुधाचे मात्र तिने मनाला लावून घेतले होते. मला एकदा हळूच विचारले, मुळाशी मुंग्या लागल्यात, त्या त्यानेच झाल्या का? मी म्हटले, झाल्या असतील, पण पहिला तांब्या माझा. आम्ही दोघी एकमेकींशी एवढेच बोललो.

पाडवा झाला तरी काठ्या त्या काठ्याच. येणारा-जाणारा म्हणे, मेले. गोजाबाई आठवड्यातून एकदा प्रत्येक खोडाची साल नखाने कणभर खरवडून पाही. आत हिरवे दिसले की पुढच्या झाडाकडे जाई. दोन झाडांशी ती एके दिवशी थांबली आणि त्यांचे आडोसे काढून दुसऱ्यांना लावले. मग मला कळले की ती दोन गेली. पंधरा दिवसांनी तिसऱ्याचाही काढला. मी एकदा म्हटले, तुम्हाला भीती नाही का वाटत? ती म्हणाली की वाटते, पण भीतीने सारखे उकरून पाहिले तर उरलेलेही मरतील.

तृतीयेच्या आधी आठ दिवस एका बेलाच्या खोडाला तांबूस टोक दिसले, तिळाएवढे. मी तिथेच हात जोडले. गोजाबाई म्हणाली, "आता जोडलं तर जोडलं, पर सावली सोडू नका त्याच्यावर." मी त्या टोकाच्या आणि सकाळच्या उन्हाच्या मध्येच उभी होते.

अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेल्या घागरी मठाला द्यायची आमच्याकडे पद्धत आहे, त्यामुळे सगळ्याच बायका जमल्या होत्या. शंकरप्पा मल्लप्पाला घेऊन मठामागे आले. त्यांनी एकेक झाड पाहिले. चारांना पालवी फुटली होती, कोवळी, चकाकणारी. तीन वाळलेली.

"सातांतले चार," ते म्हणाले.

"व्हय," गोजाबाई म्हणाली. "चार." तिने खोपीतले भांडे-लुगडे आदल्या दिवशीच गाठोड्यात बांधले होते, ते मी पाहिले होते.

पुरुषांपुढे मी तोवर कधी तोंड उघडले नव्हते. कारभाऱ्यांकडे बघून बोलणे जमेना, म्हणून वाळलेल्या झाडाकडे बघून बोलले. "हे तीन मी मारले. गोजाबाई मंद्रूपला होत्या. पाणी घालू नका म्हणून सांगून गेल्या होत्या. मी घातले, आणि माझे बघून बाकीच्यांनी. चार जगलेत ते त्यांच्या हाताने."

शंकरप्पा गोंधळले. म्हणाले, "वैनी, तुम्ही कशाला अंगावर घेता? एका तांब्याने काय होतं?"

तेवढ्यात मागून मायाक्का म्हणाली, "एक कुठला? मी पण घातला. दुधाचा."

त्यांनी बायकोकडे पाहिले. "दुधाचा?"

"दुधाचा."

बजाबाईंनी काठी पुढे टेकली. "मी दोन घातले. लपवू कशाला? या वयात मला कामावरून कोण काढणार?" मग घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांतून एकेक आवाज निघू लागला, मीही, मीही. शेवटी कारभाऱ्यांनी हात वर करून थांबवले.

या सगळ्यात मल्लप्पा मात्र एका बेलापाशी उकिडवा बसला होता. वाळू किती घातली, राख कुठल्या लाकडाची, असे तो गोजाबाईला विचारत होता, आणि तीही आपले साल ठरायचे आहे हे विसरून त्याला नीट समजावून सांगत होती. काळ्या मातीत, ऐन फाल्गुनात हलवून, बुडालेली झाडे कुणी परत आणलेली आपण पाहिली नाहीत, असे तो उठून शंकरप्पांना म्हणाला. त्याला मोठ्या शेतावर काम मिळत होतेच. तो पुढे तिकडे गेला.

शंकरप्पांनी वाकून त्या पालवीला बोट लावले. मग म्हणाले, "साल तुझंच, गोजाबाई. मृगात तीन नवे लाव."

"लावते की," ती म्हणाली. "पर नव्या झाडांकडं सोमवारी फाटक बंद."

त्यांनी मायाक्काकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "बंद."

लोक पांगल्यावर मी गोजाबाईच्या पाया पडायला गेले, वयाने ती माझ्या आईएवढी. तिने मला वाकू दिले नाही. उलट कामाला लावले. वाळलेली तीन झाडे माझ्याच हातांनी काढवली आणि त्यांची कुजलेली मुळे मला फोडून दाखवली, म्हणजे पुढच्या वेळी लक्षात राहील. मला रडू आले, तर तिने खुरपे माझ्या हातात दिले.

त्या वर्षीपासून मी तिच्याकडे शिकते आहे. मृगातली तीन रोपे आम्ही दोघींनी लावली. आमच्या पेठेत आता कुणी तुळस, जाई, डाळिंब काहीही हलवले आणि ते कोमेजले की आधी गोजाबाईला बोलावणे जाते. ती येते, मातीत बोट घालते आणि बहुतेक वेळा म्हणते, काही करू नका, थांबा. काही न करणे ही केवढी सेवा आहे, हे मला पोथ्यांतून कळले नव्हते. देवाने ते मला या बाईकडून कळवले, आणि माझ्या चुकीचे मोल तिच्या छपराने चुकते होऊ दिले नाही, याचे उपकार मी कसे फेडू?

गोजाबाई आता साठीच्या पुढे आहे. तिच्या खोपीवर मठाने पत्रा घातला आहे. सातही बेल माझ्या डोक्यावर हातभर गेले आहेत. सोमवारी बेल तोडू नये म्हणून रविवारी संध्याकाळी ती पाने तोडते आणि एक जुडी माझ्याकडे पाठवते, ओल्या फडक्यात बांधून. ती जुडी सोडताना मी आधी तिच्यासाठी हात जोडते आणि मग देवासाठी. देवाला त्याचे वाईट वाटत नसावे.